ताशा तापवताना

ताशा तापवायला वर्तमानपत्राची दीड पाने लागतात. एक पान कमी पडते, आणि दोन पानांच्या जाळात कातडे करपायची भीती असते. हा हिशेब मला वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कळला, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्याच्या पूर्व भागातल्या आमच्या आळीत. अनंत चतुर्दशीच्या दुपारी मंडपामागच्या बोळात आमचे ताशेवाले चाचा उकिडवे बसत, रद्दीची सुरळी पेटवत आणि तिच्या जाळावरून ताशा उपडा फिरवत. मधूनमधून कातड्यावर बोटाने टिचकी मारून कान देत. भाद्रपदातल्या ओल्या हवेने बसलेले कातडे हळूहळू ताणले जाई, आवाज ‘धब्’वरून ‘टण्’वर चढे. “उठला,” असे म्हणून ते उभे राहत. रद्दी पुरवायचे काम माझ्याकडे होते आणि त्या कामाचा मला भारी अभिमान होता.

चाचा आमच्याच आळीच्या टोकाला राहत. त्यांचा ताफा पाच-सहा जणांचा: दोन ताशे, एक ढोल, झांजा आणि कधीमधी एक हलगीवाला. लग्नसराईत लग्ने, मोहरमात ताबूत, गणपतीत आमचे आणि शेजारचे एक मंडळ, असा त्यांचा वर्षाचा हिशेब. सुपारी आळीतल्या पानाच्या दुकानात ठरायची.

मी संगीतशास्त्र शिकलेलो नाही. सहकारी बँकेत कारकुनी केली, आणि फावल्या वेळात ग्रंथालयांत जुनी वर्तमानपत्रे व गॅझेटियर चाळत बसलो. माझ्या अभ्यासाची सुरुवात एका शब्दाने झाली. गेली दहा-पंधरा वर्षे मंडळांच्या फलकांवर एक ओळ हमखास दिसते : यंदा डीजे नाही, फक्त पारंपरिक वाद्ये. पोलिसांच्या बैठकीत, पालकमंत्र्यांच्या आवाहनात, संपादकीयांत, सगळीकडे तेच दोन शब्द. पारंपरिक वाद्ये म्हणजे काय, असे विचारले तर उत्तर एकच येते, ढोल-ताशा. ही परंपरा कुणाची आणि ती केव्हापासूनची, एवढेच मला पाहायचे होते. पाहता पाहता बारा वर्षे गेली.

आधी वाद्यांची नावेच पाहू. ‘ताशा’ हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मागे ‘तास’ म्हणजे वाटी, परात हा शब्द आहे, आणि वाद्य पाहिले की नाव पटतेच. उथळ वाटीसारखे भांडे, तोंडावर बकऱ्याचे कातडे, गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवायचे. ‘नगारा’ अरबी ‘नक्कारा’वरून. ‘सनई’ ही शहनाईची बहीण. आणि ज्याला आपण अस्सल मराठमोळे समजतो ते लेझीमही फारसीच. ‘लेझम’ म्हणजे तालमीत सरावासाठी वापरायचे धनुष्य, ज्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी असे. ते ओढून दंड-छाती कमवायची. धनुष्याचा बाक गेला, सरळ लाकडी दांडा आला, साखळीत चकत्या ओवल्या गेल्या आणि व्यायामाला ताल मिळाला. शाळेत लेझीम केलेल्यांनी हुकूम आठवून पाहावेत. चार आवाज, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग. ही सारी आखाड्यातली हिंदुस्थानी भाषा. आमचे पीटीचे गुरुजी कडवे मराठी अभिमानी होते, पण ‘पुढे झेप’ असे त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही.

शब्द परका म्हणून वस्तू परकी, असे मी म्हणत नाही. चार-पाचशे वर्षे इथल्या पावसात भिजलेले वाद्य इथलेच. सांगायचे ते एवढेच की ताशाचा मुक्काम दीर्घकाळ दोन घरी होता. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आजही हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातही हेच होते. मोहरमात हिंदू ताबूत बसवत, नवस बोलत, मिरवणुकीत नाचत. ताबुतांपुढे वाजणारे ताशे आणि लग्नाच्या वरातीपुढचे ताशे वेगळे नसत, बहुतेक वेळा वाजवणारे हातही तेच.

हे वाद्य किती दूर गेले, याचे एक उदाहरण देतो. १८४५पासून उत्तर हिंदुस्थानातले, मुख्यतः भोजपुरी मुलखातले मजूर कराराने त्रिनिदादला गेले. त्यांनी मोहरम नेला, आणि मोहरमाबरोबर ताशा. तिथे त्या सणाला ‘होसे’ म्हणतात आणि वाद्याला ‘तासा’. ताबुतांपुढे वाजणारा हा तासा पुढे तिथल्या हिंदूंच्या लग्नाचा अविभाज्य भाग झाला. होसेच्या रात्री वादक रस्त्याच्या कडेला शेकोटी करून तिच्याभोवती ताशे उभे ठेवतात, कातडे उठावे म्हणून. हे चित्रफितीत पाहिले तेव्हा मला आमचा बोळ आठवला. तिथल्या गोऱ्या सरकारने १८८४ साली ही मिरवणूक शहरात यायला बंदी केली, आणि ती मोडून निघालेल्यांवर गोळीबार झाला. मिरवणूक कुठल्या रस्त्याने जायची आणि कुठे वाजवायचे, हा प्रश्न साता समुद्रांपलीकडेही जिवावर बेतणाराच होता.

पुण्यात तो प्रश्न दहा वर्षांनी उभा राहिला. सार्वजनिक गणपती आधी कुणी बसवला, या वादात मी शिरत नाही. त्यावर पुण्यात पुरेशी भांडणे झाली आहेत आणि दर भाद्रपदात नव्याने होतात. १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगे झाले. पुढच्या वर्षी पुण्यात गणपतीच्या उत्सवाने एकदम सार्वजनिक आणि भव्य रूप घेतले, आणि हिंदूंनी ताबुतांपासून दूर राहावे असा प्रचारही जोरात झाला. त्या एका वर्षात किती वादक अडचणीत आले असतील, याचा विचार कुठल्या इतिहासात मला आढळला नाही. ताबुतांचे नाचे आणि वाजवणारे उठून गणपतीपुढे आले. पथकवार नाच, मशाली, रात्रीची फेरी, एकसारखे पोशाख हा सगळा थाट ताबुतांच्या मिरवणुकीशी नाते सांगणारा होता. त्याच १८९४च्या सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशी गणपतीच्या मेळ्याच्या वाजवण्या-गाण्यावरून हाणामारी झाली. ‘मशिदीपुढे वाद्य’ हा पुढे पन्नास वर्षे देशाला छळणारा विषय पुण्यात आला तो असा. दोन्ही सणांत एकच वाद्य वाजत होते आणि भांडणही वाजवण्यावरूनच होत होते.

याला उलटा पुरावाही पुण्यातच आहे. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. त्याची स्थापना १८८७ची, म्हणजे उत्सवाच्या सार्वजनिक रूपाच्याही आधीची, आणि ती हिंदू-मुसलमान पैलवान मंडळींनी मिळून केलेली. तालीम हे त्या काळचे असे ठिकाण होते जिथे हौद्यातली माती दोघांच्या अंगाला सारखीच लागत असे. लेझीम, बनेटी, दांडपट्टा हे मिरवणुकीत आले ते तालमीतून. रस्त्यावरचा नाच म्हणजे मुळात पैलवानांनी कमावलेले शरीर दाखवण्याची संधी होती, हे ध्यानात ठेवले तर त्यात बायका का नव्हत्या हेही कळते.

त्या पहिल्या पर्वातले खरे आकर्षण मात्र वाद्य नव्हते. ते होते मेळे. पंधरा-वीस, कधी त्याहून अधिक मुलांचा संघ, एकसारखे कपडे, हातात टिपऱ्या किंवा झांजा, आणि गळ्यात नवी पदे. आधी गणेशस्तवन, मग समाजावर आणि सरकारवर टोले. मेळे आळीआळीने फिरत, मंडपापुढे थांबत, पदाच्या तालावर गोल फिरून नाचत. ताल ठेवायचा तो शब्द ऐकू यावा म्हणून, शब्दांवर चढायला नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या मिरवणुकीला भाषा होती. १९१०च्या सुमारास सरकारने मेळ्यांवर कडक बंधने घातली ती ढोलाच्या आवाजाला भिऊन नव्हे. आणि १९२०च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने तेच हत्यार उलटे फिरवले. ज्या उत्सवाने परकीय सरकारला टोचले, त्याच उत्सवात आता पुण्यातल्या पुढाऱ्यांना आणि भटशाहीला टोचणारी पदे घुमू लागली. सन्मित्र मेळ्यासारखे जुने मेळे एका बाजूला, छत्रपती मेळा दुसऱ्या बाजूला, अशी गाण्यांची लढाई पुण्याने पाहिली. काही पदांची भाषा आज वाचवत नाही, दोन्हीकडची. पण गाणे ऐकायला लोक थांबत होते, एवढे खरे.

मेळे स्वातंत्र्यानंतर विझत गेले. ध्वनिवर्धक आला, सिनेमाची गाणी आली, आणि मंडपात बसून पाहायचे कार्यक्रम वाढले. मिरवणुकीत उरले बँड, लेझीम, हलगी आणि चाचांसारखे ताशेवाले. लाल डगल्यातल्या बँडवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. प्रभात बँडने विसर्जनाच्या रात्री वाजवलेल्या चाली पुण्यातल्या तीन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. हलगीवर मात्र कुणी लेख लिहीत नाही. गावगाड्यात वाजवणे हे जातीवर लादलेले काम होते. सनई गुरवाची, हलगी मांगाची. ते ज्याच्या दारात वाजवत, त्याच्या घरात त्यांना प्रवेश नसे. शहरात येऊन सुपारी घेऊन वाजवणे म्हणजे त्या बंधनातून निदान रोख पैशापर्यंतची सुटका होती. म्हणून ‘पारंपरिक वाद्य’ म्हणताना मला अडखळायला होते. ज्यांना परंपरेने वाजवावे लागले, त्यांच्यापैकी आज त्या फलकाखाली कोण वाजवते आहे?

आता पथकांकडे वळतो. मावळ, मुळशी, खेड या भागांत गावोगाव ढोल-लेझीमची पथके होती आणि आहेत. यात्रेला, देवाच्या छबिन्याला ती वाजत, त्यांच्यात ईर्षा असे. विसर्जनाला ही मंडळी ट्रकमधून पुण्यात येत. १९७०च्या दशकात ज्ञानप्रबोधिनीने हे ढोल शहरी विद्यार्थ्यांच्या कमरेला बांधले. संस्थेचे संस्थापक अप्पा पेंडसे यांचा त्यामागचा विचार शिस्तीचा होता : बीभत्स नाचाला पर्याय म्हणून कवायतीसारखे, सरावाने कमावलेले वादन, आणि जोडीला बरची नृत्य. मुलीही आल्या. पुढे शाळाशाळांची आणि मग स्वतंत्र पथके निघाली, आणि आज पुण्यात शेकडो पथके आहेत. लंडनपासून अमेरिकेपर्यंत मराठी माणसे जिथे आहेत तिथेही ढोल कमरेला बांधले जातात. म्हणजे आज आपण ज्याला पुण्याची पुरातन परंपरा म्हणतो, ती पांढरा झब्बा आणि पन्नास ढोलांची शिस्तबद्ध रांग, माझ्याहून फार तर दोन-चार वर्षांनी लहान आहे.

यात मोठे काय घडले तेही सांगितले पाहिजे. माझी आई विसर्जनाची मिरवणूक माडीच्या गजांतून बघायची. माझी मुलगी लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ढोल वाजवते. रस्ता बायकांना मिळाला तो पथकांमुळे, मेळ्यांमुळे वा तालमींमुळे नव्हे. पथकांवर टीका करणाऱ्यांनी हे आधी मान्य करावे, मग बोलावे.

वादनाची रीत थोडक्यात अशी. ढोलाच्या एका अंगाला टिपरूने ठोका, दुसऱ्या अंगाला हाताची थाप. झांजा लय धरतात, टोल मधून जागा दाखवतो. पण नेता ताशा. ढोलांची संख्या कितीही असो, ‘हात’ केव्हा बदलायचा हे ताशावरची फिरत सांगते. ढोलवाला तिकडे कान लावून असतो. प्रत्येक हात संथ सुरू होतो आणि चढत जातो. काही हातांना नावे आहेत, कित्येकांना नुसते आकडे. पूर्वी कातड्याची पाने असत, पावसाची सर आली की ती बसत आणि दोर ताणत बसावे लागे. आता बहुतेक पाने फायबरची.

आमच्या मंडळात पथक आणायची सूचना माझी होती. साल १९९४ किंवा ९५. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा, मंडळाचा चिटणीस, बँकेत नुकताच लागलेलो. आदल्या वर्षी लक्ष्मी रस्त्यावर एक पथक पाहिले आणि वेडा झालो. चाळीस ढोल एका क्षणी थांबतात, श्वास घेतात आणि पुन्हा एका क्षणी पडतात, हे पाहून आमच्या चाचांचा पाच माणसांचा ताफा मला एकदम गबाळा वाटू लागला. बैठकीत मी बोललो : यांना गणवेश नाही, शिस्त नाही, मधेच चहाला थांबतात. ठराव एकमताने झाला. चाचांना सांगायला मलाच पाठवले.

ते पानाच्या दुकानापाशीच होते. ऐकून म्हणाले, “चांगलंय, पोरं वाजवतायत.” मग थोड्या वेळाने, “आन् ताशे तापवणार कोण?” मी मोठ्या ऐटीत सांगितले, “चाचा, त्यांना तापवावे लागत नाहीत. प्लास्टिकचं पान असतं.” ते म्हणाले, “मग पाऊस आला तरी बरं.” एवढेच. त्यानंतर दोन वर्षे ते मिरवणूक पाहायला रस्त्याच्या कडेला उभे राहत. तिसऱ्या वर्षी दिसले नाहीत.

पथकाबरोबर आणखी एक वस्तू आली, तिची नोंद कुणी घेत नाही. दोरी. पथकाभोवती स्वयंसेवक दोरी धरून चालतात. ती आवश्यकच आहे, नाहीतर ढोलवाल्याला हात फिरवायला जागा मिळणार नाही. पण चाचा वाजवत तेव्हा आळी त्यांच्याभोवती नाचत असे. कुणी तोंडात रुमालाचे टोक धरून नाग व्हायचा, कुणी पुंगीवाला. आळीतले एरवी एक शब्द न बोलणारे पेन्शनर आजोबा दर वर्षी एकदाच, बरोबर भिकारदास मारुतीच्या वळणावर, दोन्ही हात वर करून चार पावले टाकत आणि पुन्हा गंभीर होत. चाचा नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून ताशा फिरवत, पाय दमले की हात खाली आणत. पथकाचे तसे नसते. ते रात्ररात्र सराव करून बसवलेले असते, त्यात आजोबांच्या चार पावलांना जागा नसते. लोक दोरीबाहेर उभे राहून मोबाइल उंच धरतात. वाजवणारे वाढले आणि नाचणारे प्रेक्षक झाले.

पण नाचायची हौस कुठे जाते? ती भिंतीपुढे गेली, स्पीकरच्या भिंतीपुढे. मुंबईत मधली एक पायरी आहे, बँजो पार्टीची. ट्रकवर कीबोर्ड, ड्रम आणि बँजो. हा बँजो अमेरिकेतला नव्हे. टंकयंत्रासारख्या कळा असलेले आपले बुलबुल तरंग ते हेच, आणि त्याचे मूळ जपानी तैशोगोतो, १९१२ साली नागोयात घडवलेले. गिरगाव-लालबागच्या मिरवणुकीत कोळीगीत वाजवणारे वाद्य नागोयाहून आलेले असते, हे मला कळले तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. ज्यांना पथकाच्या सरावाला दोन महिने देणे जमत नाही, ज्यांना त्या झब्ब्यात आपले काही वाटत नाही, ती कष्टकरी वस्त्यांतली पोरे डीजेपुढे नाचतात. डीजेविरुद्ध पारंपरिक वाद्ये या भांडणात आवाजाइतकाच हा भेदही आहे.

आणि आवाजाचे काय? इथे मी कुणाच्याच बाजूचा नाही, माझे दोन्ही कान या प्रकरणात गेले आहेत.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा निवासी भागात ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी आवाज मोजतात, आणि कित्येक वर्षी तो १००च्या वर भरला आहे. ६५ आणि १०० यांत फरक ३५चा दिसतो, पण डेसिबल हे माप रुपयांसारखे मोजायचे नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. ३५ डेसिबल म्हणजे तीन हजार पटींहून अधिक.

हाच हिशेब उलटाही लागू होतो. ३० ऑगस्ट २०२४ला राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात ३०हून अधिक वादक नकोत असा आदेश दिला, १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली, आणि पुण्यात पेढे वाटले गेले. पण साधे गणित असे : सारख्या आवाजाची वाद्ये दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. ३०चे ६० ढोल झाले तर ३, १२० झाले तर ६. म्हणजे १२० ढोल कापून ३०वर आणले तरी १००चे फार तर ९४ होणार. कानाला तो निम्मासुद्धा झाल्याचे जाणवणार नाही, त्यासाठी १० उतरावे लागतात. आवाज कमी करायचा तर पथकांमधले अंतर, दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींत कोंडलेल्या चौकांतला मुक्काम आणि वाजवण्याचे तास यांकडे बघायला हवे. मिरवणूक २४ तासांच्या पुढे जाते, काही वर्षी तीसच्याही. कोर्टात आणि वर्तमानपत्रांत भांडण झाले ते मात्र ढोलांच्या संख्येवर.

तासांचे महत्त्व असे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सर्वमान्य दंडक आहे : ८५ डेसिबलला दिवसात ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १ तास, ९७ला अर्धा, १००ला पाव तास. ढोलवाला सरावात आणि मिरवणुकीत तासन्तास वाजवतो. ताशावाल्याचे याहून वाईट. ढोलाचा खर्ज भिंती ओलांडून लांब जातो, छातीत घुमतो. ताशाचा आवाज तीक्ष्ण आणि जवळचा. अशा आवाजाने कान बिघडतो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. त्या पट्ट्यात व्यंजनांच्या कडा असतात.

पथक आल्यावर मी सहा वर्षे त्यात ताशा वाजवला. शिस्त मलाही हवी होती ना. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कानांची तपासणी केली तेव्हा आलेखात नेमकी तिथे खाच होती. व्यवहारात याचा अर्थ असा की बायको ‘साठ’ म्हणाली की मला ‘आठ’ ऐकू येते. भाजीच्या भावापुरते हे विनोदी आहे. चाचा साठीत अजिबात बहिरे होते, आणि आम्ही ते त्यांचे वय समजत होतो. आज पथके मुलांना कानात घालायला बोळे देतात. काही पथके सक्तीही करतात. मुलीने ते घातलेत की नाही हे मी निघताना पाहतो, नंतर ती काय करते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी चाचांच्या नातवाने घर आवरताना एक ताशा मला आणून दिला. पितळी भांडे, कातडे फाटलेले. कातडे चढवून देणारा माणूस शोधायला तीन महिने लागले. श्रावणात तो तयार होऊन आला तेव्हा अर्थातच बसलेला होता. मी गच्चीवर रद्दी घेऊन गेलो. मुलगी कुतूहलाने आली, तिने आजवर ताशा तापवताना पाहिला नव्हता. दीड पानात उठला. हात जड झालेत, तरी चाचांनी मला शिकवलेला एकच हात मी तिला वाजवून दाखवला. मोहरमाच्या शेवटच्या दिवशी वाजवायचे म्हणून ते त्याला ‘मातमचा हात’ म्हणत. गणपती घाटावर पोचायला आला की आमच्याकडेही तोच वाजवत.

ती दोन आवर्तने ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाबा, हा तर आमचा तीन नंबर.” आणि काड्या माझ्या हातून घेऊन तिने तो माझ्याहून चांगला वाजवला.